एडनच्या पाठमोऱ्या माणसाचा फोटो

"थांबा गजाभाऊ! त्यो कागुद हलवू नका!"

गिरजामावशी एवढ्या जोरात ओरडल्या की माझ्या हातातला चिमटा टबात पडला. सकाळची आठाची वेळ. आमच्या स्टुडिओच्या मागच्या पडवीत तीन टब मांडलेले, टबांत सोराबशेठच्या प्रवासाचे फोटो पोहत होते. मावशी कळशी काखेत धरून टबावर वाकल्या होत्या आणि पाण्यातल्या एका फोटोकडे डोळे फाडून बघत होत्या.

एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. लोणावळ्याच्या बाजारात तात्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथे डार्करूम सांभाळत असे. रोल धुवायचा, प्रिंट काढायचे, नवऱ्यामुलांच्या तोंडावरचे देवीचे व्रण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून बुजवायचे, असली सगळी कामे माझ्याकडे. प्रिंट हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या पाण्यातून, काढले की तासभर पाण्यात ठेवावे लागतात आणि ते पाणी सारखे बदलावे लागते. नाही बदलले तर वर्षभरात फोटो पिवळा पडतो आणि गिऱ्हाईक लाल होते. हे पाणी बदलायचे काम गिरजामावशींचे. रोज कुसगावाहून चालत येत. फोटोंत त्यांना काडीचा रस नव्हता. "मेल्या मान्सांवानी पान्यात पडल्यात," एवढेच त्यांचे फोटोंविषयी मत. म्हणून त्या ओरडल्या तेव्हा मी चपापलो.

"ह्ये कुटलं गाव?" त्यांनी विचारले.

"एडन. विलायतेला जाणारी बोट तिथे कोळसा घ्यायला थांबते."

सोराबशेठ नुकतेच विलायतेहून परत आले होते. वलवणच्या बाजूला त्यांचा बंगला. येताना एडनला बोट पाच-सहा तास थांबली, तेवढ्यात शेठ कॅमेरा गळ्यात घालून गावभर हिंडले. त्यांनी आणलेल्या सहा रोलांपैकी एक सबंध एडनचा. मी तर ते फोटो बघून खुळावलो होतो. डोंगर एकदम समुद्रातून वर आलेला, करवतीच्या दात्यांसारखी त्याची धार, आणि त्याच्या पोटात घरांच्या पांढऱ्या रांगा. बंदरात शिडाच्या होड्या. उंटाच्या गाडीवर पाण्याचे पिंप. सगळ्या गावात झाड म्हणून नाही. आपल्या सह्याद्रीची भादरून टाकलेली शेंडी कुणी समुद्रात नेऊन ठेवावी तसा तो डोंगर दिसत होता.

मावशींचे बोट ज्या फोटोवर होते त्यात बंदराकाठचा रस्ता होता. एका कोपऱ्यात कसलीशी पाटी, मागे डोंगर, आणि पुढे एक माणूस पाठमोरा उभा. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासे. कमरेला मागच्या बाजूला आकडी आणि आकडीत कोयता.

आकडी म्हणजे कमरेच्या दोरीत ओवलेला लाकडी आकडा. आपला मावळातला माणूस रानात निघाला की त्यात कोयता अडकवतो. हात मोकळे राहतात, आणि लागला की मागे हात घालून कोयता ओढता येतो. मी रोज बाजारात अशी दहा माणसे बघत होतो, म्हणूनच की काय, रात्री प्रिंट काढताना माझ्या लक्षातच आले नव्हते. आता आले. ज्या गावात तोडायला काडी नाही त्या गावात हा गडी कोयता अडकवून काय करतो आहे?

"मावशी, हा आपल्याकडचा माणूस आहे!"

टबाच्या काठाला धरून मावशी हळूच खाली बसल्या. "उभा ऱ्हायची ढब बगा. येक पाय वाकडा, मान खाली. आमचा धोंडू असाच उभा ऱ्हायचा."

धोंडू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. बापाशी कडाडून भांडून तो घरातून गेला होता. मुंबईला गोदीत दिसला असे पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितले, नंतर काही नाही. त्याची बायको सखू तेव्हापासून सासरीच होती. शेत करत होती, सासऱ्याचे बघत होती.

मावशी फोटोवर अजून वाकल्या. मग एकदम मागे सरल्या आणि पदराने तोंड पुसले.

"न्हाई. त्यो न्हाई."

"का?"

"धोंडू डावखुरा. त्याच्या कोयत्याची मूठ डाव्या अंगाला ऱ्हायची. ह्येची उजव्या अंगाला हाय. समद्यांची आस्ती तशी." त्यांनी कळशी उचलली. "बरं झालं म्हना. उगा उद्याच्याला आडकाठी नगं."

"उद्या काय आहे?"

तेव्हा त्यांनी सांगितले. धोंडूला जाऊन बारा वर्षे झाली होती. बारा वर्षे माणसाचा ठावठिकाणा नाही लागला तर तो गेला असे धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि पुढची सगळी क्रिया करतात. उद्या सकाळी ओढ्यावर धोंडूचा पुतळा जाळायचा होता. भटजींना सांगून झाले होते. सखूचे कुंकू उद्या पुसणार होते, बांगड्या फुटणार होत्या.

"उद्या पान्याला यायची न्हाई मी," मावशी म्हणाल्या आणि विहिरीकडे गेल्या.

मला वाईट वाटले, पण कामाचा डोंगर होता. शेठ दुपारच्या गाडीने मुंबईला निघणार होते. प्रिंट सुकवले, कडा कापल्या, निगेटिव्हसकट पाकिटात भरले आणि बाराच्या ठोक्याला शेठचा गडी येऊन सगळे घेऊन गेला. मावशीही काम आटोपून कुसगावाला गेल्या.

जेवण झाल्यावर मी वाया गेलेले प्रिंट गोळा करत होतो. काळे पडलेले, डाग पडलेले असे दहा-पाच निघतातच. त्यात तो कोयतेवाल्याचाही एक होता, जरा काळपट. सहज दारात उजेडाला धरला. कोपऱ्यातली पाटी दिसली. इंग्रजी अक्षरे होती. मी वाचायला गेलो तर वाचता येईना. दुकानाची पाटी, मोठी ठसठशीत अक्षरे, आणि वाचता येईना! मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अक्षरे उलटी होती. आरशात दिसतात तशी.

इथे थोडे समजावून सांगतो. फिल्मला दोन बाजू असतात. एक चकचकीत आणि दुसरी मंद, जिच्यावर मसाला असतो. प्रिंट काढताना मसाल्याची बाजू कागदाला चिकटून ठेवायची. ती उलटी ठेवली तरी फोटो येतो, फक्त किंचित धुरकट येतो आणि डावे-उजवे बदलते. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी सात वर्षांचा जुना कामगार, आणि घाईघाईत रोलचा तीन फोटोंचा तुकडा कापून उलटा ठेवला होता. सकाळी तात्यांनी "हे तीन जरा धुरकट का?" असे विचारलेही होते. वर स्वतःच म्हणाले, "शेठचा हात हलला असेल." मी मान डोलावली होती.

म्हणजे मूठ उजवीकडे नव्हती. मूठ डावीकडे होती.

मी प्रिंट घेऊन दुकानात धावलो. "तात्या! माणूस जिवंत आहे!"

तात्या एका गुजराती कुटुंबाला पडद्यासमोर बसवत होते. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केले. गिऱ्हाईक गेल्यावर सगळे ऐकून घेतले. त्यांचा चेहरा उतरला, पण धोंडूसाठी नव्हे.

"म्हणजे शेठला आपण तीन फोटो उलटे दिले?"

"हो. पण तात्या, तो माणूस..."

"गजानन, लोणावळ्यातले निम्मे बंगले शेठच्या शब्दावर आपल्याकडे रोल देतात. त्यांना कळले आहे का?"

"नाही."

"मग अळीमिळी गुपचिळी. हा वाया गेलेला प्रिंट दे मावशीला आणि मोकळा हो."

"हा दाखवून काय उपयोग? हा उलटा आहे. गावातली माणसे म्हणणार, मूठ उजवीकडे दिसते आहे आणि हा म्हणतो डावीकडे समजा. सुलटा फोटो पाहिजे. मोठा पाहिजे. निगेटिव्ह आणली पाहिजे."

"आणि शेठला काय सांगणार?"

"खरे काय ते."

"तू जाणार असशील तर दुकानाच्या वतीने जाऊ नकोस," तात्या म्हणाले. मी तोपर्यंत सायकलवर बसलो होतो.

वलवणला बंगल्यावर पोहोचलो तर माळी फाटकाला कुलूप लावत होता. "शेट टेसनावर गेलं. आत्ता गेलं." मी तसाच फिरलो. उन्हाने रस्ता तापलेला, चाकात हवा कमी, आणि घशात नुसती धूळ. पण खोटे कशाला बोलू, इतका आनंद मला कधी झाला नव्हता. सात वर्षे लोकांचे चेहरे गोरे करण्यात गेली होती. पहिल्यांदाच माझ्या कामात एक जिवंत माणूस अडकला होता आणि तो मला सोडवायचा होता.

लोणावळ्याला एक बरे होते. घाट उतरण्याआधी गाडी इथे थांबवून ब्रेक तपासत. मी फलाटावर शिरलो तेव्हा हातोडीवाला गाडीखालून ठोकत चालला होता. पहिल्या वर्गाच्या खिडकीत सोराबशेठ पंख्याने वारा घेत बसले होते.

"शेठ! तुमचे तीन फोटो आम्ही उलटे काढले!"

धाप लागलेल्या माणसाने नमस्कार-चमत्कार न करता हे सांगितल्यावर शेठने पंखा थांबवला. मग मांडीवर थाप मारली. "जो, बघ! मी बोलला होता ना!" ते पलीकडे बसलेल्या बाईसाहेबांकडे वळले. "सकाळी मी एडनला उतरला तवा दरिया उजव्या बाजूला होता. फोटोमंदी डाव्या बाजूला आला. ही मला म्हणते, तुला आठवत नाय, तू म्हातारा झाला!"

बाईसाहेब खिडकीबाहेर बघू लागल्या. शेठ इतके खूश झाले की मला रागावायचे राहूनच गेले. मी त्यांना पाठमोऱ्या माणसाचे, सखूचे, उद्याच्या पुतळ्याचे सगळे एका दमात सांगितले. शेठचा चेहरा बदलला. त्यांनी स्वतः उठून बॅग उघडली, पाकीट काढले आणि निगेटिव्हचा तुकडा आकाशाकडे धरला.

"बराबर. पाटी वाचता येते. आणि मूठ डावीकडे." ते थांबले. "तिथे जलाऊ लाकडाची वखार हाय. आफ्रिकेतून होडीमंदी लाकूड येते, ते तिथे फोडतात. पन ह्या मानसाशी मी बोलला नाय रे. मी तर डोंगराचा फोटो काढत होता. हा मधे उभा होता."

"पण हा गेल्याच महिन्यातला ना?"

"गेल्याच महिन्यातला. मी शपथ घेईन."

हातोडी थांबली. गार्डाने शिट्टी दिली. शेठने निगेटिव्ह माझ्या हातात कोंबली. "एडनला आमचा आडत्या हाय. मुंबईला पोचल्यावर त्याला तार करतो. मानसाचं नाव काय?"

"धोंडू! कुसगावचा धोंडू!" मी गाडीबरोबर पळत ओरडलो. फलाटावरच्या हमालांना वाटले असेल, शेठच धोंडू आहेत.

परत आलो तेव्हा सूर्य कलला होता. आमचा मोठे फोटो काढायचा एन्लार्जर उजेडावर चालायचा. डार्करूमच्या भिंतीला एक चौकोनी भोक होते आणि बाहेर तिरका आरसा. आरशातून आकाशाचा उजेड आत यायचा, निगेटिव्हमधून आणि भिंगातून जाऊन समोरच्या फळीवर लावलेल्या कागदावर पडायचा. सूर्य गेला की एन्लार्जर गेला. मी निगेटिव्ह तात्यांपुढे ठेवली आणि बोलणी खायला उभा राहिलो.

"शेठ काय म्हणाले?"

"म्हणाले, बायको त्यांना म्हातारा म्हणत होती, ती खोटी ठरली."

तात्यांनी निगेटिव्ह उचलून भिंगाखाली धरली. बराच वेळ बघितली. मग चष्मा कपाळावर सरकवला. "उजेड किती उरला आहे ते बघ. आणि मसाल्याची बाजू मी लावणार. तू हात लावू नकोस."

त्यांनी स्वतः फिल्म लावली, फोकस धरला. माणूस फळीवर वीतभर उंच उभा राहिला. उजेड कमी, म्हणजे कागद मिनिटभर तरी उघडा ठेवायला हवा, आणि तेवढ्यात काही हलता कामा नये. पहिल्या कागदाच्या वेळी नेमकी मालगाडी आली. आमचा स्टुडिओ रुळांच्या इतका जवळ की वाघिणी जाताना बाटल्या नाचत. तो कागद गेला. दुसऱ्या वेळी आम्ही गाडी पूर्ण जाईपर्यंत थांबलो. प्रत्येक वाघीण मोजली तर किती उजेड गेला ते कळेल असे तात्या पुटपुटत होते. शेवटचा डबा गेला तशी त्यांनी टोपी काढली, म्हणजे भिंगाची, आणि आम्ही दोघे श्वास धरून उभे राहिलो.

कागद डेव्हलपरमध्ये टाकला. आधी डोंगर आला. मग पाटी, सुलटी, वाचता येणारी. मग मुंडासे, पाठ, वाकडा पाय. आणि कमरेला कोयता, मूठ डाव्या अंगाला. फोटो मोठा केल्यामुळे रवाळ आला होता, पण मूठ अशी स्पष्ट होती की मी डार्करूममध्येच ओरडलो. तात्यांनी पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच हसू लागले.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर यायच्या आत मी कुसगावच्या ओढ्यावर होतो. माणसे जमली होती. भटजी पळसाची पाने दर्भाने बांधून पुतळा करत होते. छाती झाली होती, हात व्हायचे होते. धोंडूचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, दगडावर ताठ बसले होते. पलीकडे बायकांच्या घोळक्यात सखू होती. तिला मी पहिल्यांदाच बघत होतो. तिशी उलटलेली असेल. कपाळावर रुपयाएवढे कुंकू, शेवटचेच म्हणून कुणीतरी ठसठशीत लावलेले.

गिरजामावशी मला बघून पुढे आल्या. मी कागद उलगडला. त्यांनी एकदा बघितले आणि तिथेच किंचाळल्या, "आबा! मूठ डावीकडं हाय!"

एकच गलका झाला. मी मोठ्याने सांगितले की काल चूक माझी होती, फोटो मी उलटा काढला होता, हा खरा. "म्हंजी कालचा खोटा व्हता, तर आजचा खरा कशावरनं?" एकाने विचारले. प्रश्न वाजवी होता. मी पाटीकडे बोट दाखवले. शाळेचे मास्तर आले होते, त्यांनी ती घडाघडा वाचली आणि सांगितले, पाटी सुलटी तर माणूसही सुलटा. म्हातारा लोहार कागद डोळ्यांशी नेऊन म्हणाला, "डाव्या मुठीचा कोयता म्या जल्मात येकच केला. धार बी उलट्या अंगाला लावली व्हती. धोंडूसाटनं."

आबा उठले नाहीत. त्यांनी कागद मागवून घेतला आणि लांब धरून बघितला. 

"त्वांड कुटं हाय?" ते म्हणाले. "पाठ हाय ही. पाठीवर कुनाचं नाव लिवल्यालं आस्तं का? डावखुरं काय आमच्या घरातच जल्मत्यात? भटजीबुवा, तुमी चालू द्या."

भटजींचे हात पानांवर तसेच थांबले होते. मी काही बोलणार तोच बायकांतून सखू उठली. सासऱ्यासमोर ती कधी बोलली नसावी, कारण सगळे एकदम गप्प झाले. तिने कागद घेतला नाही. आबांच्या हातात होता तसाच वाकून बघितला. कितीतरी वेळ. मग मला विचारले, "ह्यो फोटू कवाचा?"

"गेल्या महिन्यातला."

तिने पदर सारखा केला. "आबा, मानूस गेला तवा म्या उंबऱ्यात हुबी व्हते. त्यांनी मागं त्वांड फिरवलं न्हाई. बारा वर्सं माज्या डोळ्यांम्होरं ही पाठच हाय. मला वळखू यायची न्हाई, तर कुनाला?"

आबांनी मान खाली घातली. मग त्यांनी हात वर केला आणि भटजींनी पुतळ्याचा दर्भ सोडायला सुरुवात केली. मावशी रडत होत्या, हसत होत्या, मला "गजा, गजा" म्हणून हाका मारत होत्या. मला घरी नेऊन त्यांनी इतका गुळाचा चहा पाजला की परतीची सायकल मी न चालवताच चालली.

नवव्या दिवशी शेठची चिठ्ठी आली. एडनहून तार होती. वखारीत माणूस सापडला होता, नाव धोंडू, गाव कुसगाव. कोण विचारते आहे, असे तो उलट विचारत होता.

पेरणीच्या आधी तो आला. एके सकाळी मावशी त्याला घेऊन स्टुडिओत उभ्या. काळाकभिन्न, केस पांढरे झालेले, अवघडलेला. पत्रे का नाही पाठवली, तर लिहिता येत नव्हते, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यावे तर बापाशी भांडलेल्या माणसाने सांगायचे काय, असे म्हणाला. सखू काय म्हणाली ते मी विचारले नाही. तात्यांनी त्याच्या हातात तो मोठा फोटो दिला. त्याने तो इकडून तिकडून न्याहाळला, स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही ना. मग थोडा चिडूनच मला म्हणाला, "फोटू काडायचा व्हता तर सांगायचं. म्या वळलो असतो."

त्यानंतर मी आणखी तीस वर्षे डार्करूम सांभाळली. नवीन माणूस कामाला आला की त्याला पहिल्या दिवशी एकच सांगत असे. निगेटिव्ह सुलटी आहे का, ते आधी बघ. माणूस आहे की नाही, ते मग ठरव.